परीक्षणं वाईट आली, तिकिटं काढून झाली: बड्या स्टारचा विज्ञानपट आता कसा बघावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका बड्या स्टारचा अंतराळावरचा चित्रपट शुक्रवारी लागला. रविवारी दुपारच्या थ्रीडी शोची पाच तिकिटं कोथरूडच्या मल्टिप्लेक्सला आधीच काढली होती आणि शनिवारी सकाळी पेपर उघडला तर पाचपैकी दोन स्टार. बरोबर सत्तरीचे आई-वडील, त्या स्टारची कॉलेजपासूनची चाहती असलेली बायको आणि अंतराळाचं वेड असलेला बारा वर्षांचा मुलगा. तिकिटं रद्द करावीत का, आणि गेलोच तर कसली अपेक्षा ठेवून जावं?

अशा वेळी "काही अपेक्षा न ठेवता जा, मग आवडेल" हा सल्ला हमखास मिळतो. चित्रपट निवडणं, शो लावणं आणि बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांशी बोलणं हे माझं रोजचं काम आहे, आणि हा सल्ला मला कधीच पटलेला नाही. अपेक्षा न ठेवता कुणी अडीच तास अंधारात बसत नाही. तुमच्या घरातली पाच माणसं पाच वेगळ्या गोष्टींसाठी चालली आहेत. चित्रपट त्यातलं कुणाला काय देईल आणि कुणाचा हिरमोड करील, एवढं शनिवारी रात्रीपर्यंत बरंचसं कळू शकतं. तुम्ही चित्रपटाचं नाव दिलेलं नाही, तो मूळ हिंदी आहे की तेलुगू-तमिळचा डब हेही लिहिलेलं नाही. त्यामुळे काही ठिकाणी "असं असेल तर" म्हणावं लागेल.

आधी त्या दोन स्टारचं बघू. तो आकडा बेरजेचा आहे आणि तुम्हाला बेरजेत रस असण्याचं कारण नाही. तीन-चार परीक्षणं उघडा, स्टार सोडून द्या आणि तक्रार नेमकी कशाबद्दल आहे ते शोधा. विज्ञानपटाबद्दल तक्रारी साधारण चार जागी असतात: पटकथा, गती, विज्ञान आणि व्हीएफएक्स, म्हणजे कॉम्प्युटरवर घडवलेली दृश्यं. तिघांनी एकमेकांशी संबंध नसताना एकाच प्रसंगाबद्दल कुरकुर केली असेल तर तो प्रसंग खरोखर फसलेला आहे असं समजा. एकाला पूर्वार्ध रेंगाळलेला वाटला आणि दुसऱ्याला उत्तरार्ध, तर तो ज्याच्या त्याच्या आवडीचा भाग झाला.

या तक्रारी एकमेकींपासून वेगळ्या ठेवाव्या लागतात, कारण त्या एकाच वेळी खऱ्या आणि खोट्या असू शकतात. २०११ च्या 'रा.वन'ची पटकथा अनेक समीक्षकांना कच्ची वाटली होती. त्याच चित्रपटाला स्पेशल इफेक्ट्ससाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दोन्ही निकाल आपापल्या जागी बरोबर होते. इफेक्ट्स बघायला गेलेला मुलगा खूश होऊन आला असणार आणि गोष्ट ऐकायला गेलेले आजोबा वैतागून.

परदेशी चित्रपट असेल तर रॉटन टोमॅटोज या समीक्षकांची मतं गोळा करणाऱ्या वेबसाइटच्या टक्क्यांचा अर्थ नीट लावा. ३० टक्के म्हणजे शंभरपैकी तीस गुण नव्हेत. दहातल्या तीन समीक्षकांचा कौल अनुकूल पडला, एवढंच ते सांगतं. साठ टक्क्यांच्या खाली गेलं की 'रॉटन'चा शिक्का बसतो. सगळ्यांनी पाचपैकी अडीच दिले तरी टक्का तळाला जाऊ शकतो. २०१६ चा 'पॅसेंजर्स' घ्या. दोन मोठे स्टार, एक देखणं अंतराळयान आणि समीक्षकांचा कौल तिसेक टक्के. अमेरिकेत पहिल्या दिवशीच्या प्रेक्षकांना थिएटरातच विचारून सिनेमास्कोर ही संस्था ए ते एफ अशी श्रेणी देते, तिथे त्याला बी मिळाली. जगभरात त्याने तीस कोटी डॉलरच्या आसपास कमाई केली. समीक्षकांचा मुख्य राग नायकाच्या एका निर्णयावर आणि चित्रपटाने तो ज्या सहजतेने पचवला त्यावर होता, आणि माझ्या मते तो राग रास्त होता. पण यान आणि जोडी बघायला आलेल्यांना त्यांचं मिळालं.

तिकिटाच्या ॲपवरचे दहापैकी गुण शुक्रवारी-शनिवारी बघू नका. पहिल्या दिवशी मत देणारे बहुतांश चाहते असतात. त्यापेक्षा शनिवारी संध्याकाळी तुमच्याच थिएटरचे रविवारचे शो उघडून खुर्च्यांचा नकाशा बघा. स्टारच्या जोरावर शुक्रवार भरतोच. शनिवारी धंदा शुक्रवारपेक्षा चढायला हवा, कारण सुट्टी आणि तोंडी प्रसिद्धी दोन्ही असतात. शनिवार-रविवारच्या दुपारी मधल्या रांगा मोकळ्या दिसत असतील, तर शुक्रवारी बघून आलेल्यांनी शेजाऱ्यांना "नको जाऊ" असं सांगितलेलं आहे. खरा निकाल सोमवारी लागतो. सोमवारचं कलेक्शन शुक्रवारच्या निम्म्याच्याही खाली गेलं तर चित्रपट पडला असं आमच्या धंद्यात धरतात. तुमचा शो रविवारी असल्यामुळे तो निकाल तुमच्या कामाचा नाही.

आता मुख्य गोष्ट. स्टारचा विज्ञानपट एका ठराविक पद्धतीनेच फसतो, आणि ती पद्धत माहीत असली की निम्मी चिडचिड टळते.

मराठी वाचकाची विज्ञानकथेची सवय छापील आहे. पुण्यात तर जयंत नारळीकरांमुळे ती घरोघर पोचली. त्यांच्या कथेत बहुधा एक वैज्ञानिक कल्पना असते आणि ती खरी मानली तर माणसांचं काय होईल, याचा प्रामाणिक पाठपुरावा असतो. नायक कोण यापेक्षा नियम काय याला महत्त्व असतं. स्टारच्या चित्रपटाची बांधणी बरोबर याच्या उलट होते. तिथे आधी स्टार ठरतो, त्याच्या तारखा ठरतात, त्याच्या मानधनानंतर उरलेल्या पैशांत यान, ग्रह आणि व्हीएफएक्स बसवायचे असतात. त्याला दणक्यात एंट्री हवी, मध्यंतराआधी एक झटका हवा, आणि शेवटी संकटातून त्यानेच बाहेर काढायला हवं. विज्ञानाचा नियम जिथे त्याला अडवतो, तिथे नियम वाकतो. परीक्षणातलं "उत्तरार्ध भरकटला" हे वाक्य बहुतेक वेळा याचंच वर्णन असतं: पूर्वार्धात जगाचे नियम मांडले, उत्तरार्धात स्टारसाठी ते मोडले.

हे पडद्यावर कुठे दिसतं? हेल्मेटकडे बघा. खऱ्या अंतराळवीराच्या हेल्मेटवर सूर्यप्रकाश परतवणारा सोन्याचा पातळ थर असलेली काच असते. ती खाली ओढली की आतला चेहरा दिसत नाही. स्टारचा चेहरा दिसला नाही तर पैसे कशाचे? म्हणून चित्रपटातल्या हेल्मेटच्या आतल्या कडेला छोटे दिवे बसवतात. प्रत्यक्षात असा दिवा डोळ्यांवर पडला तर बाहेरचं काही दिसणार नाही. शिवाय खऱ्या काचेत कॅमेरा, लाइट आणि युनिटची माणसं दिसतात, म्हणून बऱ्याचदा काच काढूनच शूटिंग करतात आणि काच व तिच्यातली प्रतिबिंबं नंतर कॉम्प्युटरवर चढवतात. नायकाने मान वळवली की काचेतलं प्रतिबिंब त्याच्याबरोबर सरकतं का, ते मुलाला बघायला सांगा. सरकत असेल तर काम करणाऱ्यांनी जीव ओतला आहे. चिकटवल्यासारखं जागीच राहत असेल तर घाईत उरकलंय. आणि पहिल्या अर्ध्या तासात नायक परग्रहावर हेल्मेट काढून मोकळ्या केसांनी उभा राहिला, तर पुढचे दोन तास हा स्टारचा चित्रपट आहे असं धरून चाला. त्यात वाईट काही नाही. फक्त विज्ञानाचा हिशोब तिथून पुढे मागायचा नाही.

मुलाच्या बाबतीत एक काळजी घ्या. अंतराळाचं वेड असलेली मुलं चुका मोजत बसतात आणि शेजारच्याला सांगत राहतात. सगळ्या चुका सारख्या नसतात हे त्याला घरूनच समजावून न्या. निर्वात पोकळीत स्फोटाचा आवाज येणं ही सवलत आहे. जवळपास सगळेच चित्रपट ती घेतात आणि तिच्यावर कथा टेकलेली नसते. यानात सगळे जमिनीवर चालल्यासारखे चालतात, तेही तसंच. पण पृथ्वी आणि मंगळ यांच्यात रेडिओ संदेशाला एका बाजूने तीन ते बावीस मिनिटं लागतात. दोन ग्रह त्या वेळी किती लांब आहेत त्यावर ते ठरतं. चित्रपटाने हा उशीर पूर्वार्धात दाखवून त्यातून ताण निर्माण केला आणि क्लायमॅक्सला नायक नियंत्रण कक्षाशी फोनवर बोलल्यासारखा बोलू लागला, तर ती फसवणूक आहे. तिच्यावर रागवायचा मुलाला पूर्ण हक्क आहे. कथा ज्या नियमावर उभी आहे तोच मोडला का, एवढं त्याने बघावं. बाकीचं घरी येऊन.

ट्रेलरवरून व्हीएफएक्सबद्दल तुमच्या अपेक्षा वाढल्या असतील तर त्या थोड्या खाली आणा. ट्रेलरमध्ये जाणारे शॉट्स सगळ्यात आधी पुरे केले जातात, कारण त्यांची तारीख आधी येते. बाकीचे शेकडो शॉट्स प्रदर्शनाच्या आधीच्या आठवड्यांपर्यंत चालू असतात. पैसा आणि वेळ कमी पडल्याचं ठराविक ठिकाणी उघडं पडतं: पाणी, उडणारे केस, भर उन्हातले शॉट्स, धावणारा-उडी मारणारा कॉम्प्युटरवरचा नायक आणि तरुण दाखवलेला चेहरा. रात्र, पाऊस, धूर असला की दोष झाकले जातात, म्हणून क्लायमॅक्स पुष्कळदा अंधारात होतो. परीक्षणात "व्हीएफएक्स चांगले पण क्लायमॅक्स दिसतच नाही" असं वाचलंत तर कारण हे असू शकतं.

दुसरं कारण थ्रीडी असू शकतं, आणि तुमच्या पाच तिकिटांपैकी मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट हीच आहे. टूडीसाठी पडद्यावर १४ फूट-लॅम्बर्ट (पडद्यावरचा उजेड मोजायचं एकक) उजेड असावा असं प्रमाण आहे. थ्रीडीत चष्म्यातून डोळ्यांपर्यंत पोचणारा उजेड साडेचारच्या आसपास धरतात, म्हणजे साधारण तिसरा हिस्सा. प्रोजेक्टरचा दिवा जुना झाला असेल तर त्याहूनही कमी. अंतराळाचा चित्रपट मुळातच काळा असतो. त्यातला अंधारातला क्लायमॅक्स तिसऱ्या हिश्श्याच्या उजेडात बघितला तर करडा चिखल दिसतो आणि दोष दिग्दर्शकाला लागतो. बहुतेक चित्रपट एकाच कॅमेऱ्याने टूडीत चित्रित करून नंतर कॉम्प्युटरवर थ्रीडी केलेले असतात, त्यामुळे टूडी बघितला तर तुम्ही काही गमावत नाही. आई-वडिलांना नंबरच्या चष्म्यावर थ्रीडीचा चष्मा अडीच तास चढवायचा आहे, कुणाला गरगरतं, कुणाचं डोकं दुखतं, हे वेगळंच. हॉलमध्ये चांगला लेझर प्रोजेक्टर असेल तर उजेडाची तक्रार कमी होते, पण चष्म्यावर चष्मा चुकत नाही.

आवाजाचंही असंच आहे. चित्रपटाचं मिक्सिंग, म्हणजे संवाद, संगीत आणि इतर आवाजांची जुळणी, साऊंड प्रोसेसर या आवाज कमीजास्त करणाऱ्या यंत्राच्या ७ आकड्यावर ऐकून केलेलं असतं. प्रेक्षकांनी "फार मोठं आहे" अशी तक्रार केली की हॉलमध्ये तो ५ वर आणतात, म्हणजे साडेसहा डेसिबलच्या आसपास खाली. धमाके तरीही दणकतात. बुडतात ते संवाद, त्यातही हेल्मेटमधले, रेडिओच्या खरखरीतले, कुजबुजीतले. विज्ञानपटात कथेचे नियम नेमके याच संवादांत सांगितलेले असतात. "काही कळलंच नाही" म्हणणाऱ्या प्रेक्षकांपैकी काहींना खरोखर ऐकूच आलेलं नसतं. पहिल्या दहा मिनिटांत संवाद कळत नसतील तर बाहेर जाऊन हॉलच्या माणसाला शांतपणे सांगा. मध्यंतरापर्यंत थांबलात तर अर्धी कथा गेली. टूडी शोमध्ये चित्र विचित्र काळपट वाटलं तरीही लगेच सांगा, कधीकधी आधीच्या शोचा थ्रीडीचा फिल्टर लेन्सपुढे तसाच राहिलेला असतो.

खुर्च्या पडद्यापासून हॉलच्या दोन-तृतीयांश अंतरावर आणि मधोमध घ्या. मिक्सिंगवालेही साधारण तिथेच बसतात. अगदी शेवटच्या रांगेतून पडदा लहान वाटतो आणि भव्य दृश्यांचा दम जातो. आई-वडिलांसाठी मात्र त्याच रांगेत कडेच्या दोन खुर्च्या बऱ्या, उठावं लागलं तर अंधारात कुणाच्या पायांवरून जावं लागत नाही.

चित्रपट दक्षिणेतला असेल तर हिंदी डबमध्ये तुमच्या पत्नीला आवडणारा आवाज आहे का, हे ट्रेलर लावून ऐका. 'बाहुबली'मध्ये प्रभासला हिंदीत शरद केळकरांचा आवाज होता आणि तो त्या भूमिकेत मुरला. सगळीकडे एवढं जमतं असं नाही. चाहत्याला दुसऱ्याच आवाजातला आपला स्टार पटायला वेळ लागतो, आणि भावुक प्रसंगांत डबचं पितळ उघडं पडतं. पुण्यात बऱ्याचदा मूळ भाषेत सबटायटलसह शो असतात. पत्नी आणि मुलगा त्याला जाऊ शकतात. आई-वडिलांना अडीच तास सबटायटल वाचायला लावू नका.

सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्रही एकदा बघून घ्या. आता यूए मध्ये ७+, १३+ आणि १६+ असे भाग आहेत. तुमचा मुलगा बारा वर्षांचा आहे. यूए १३+ असेल तर त्याला अडवत नाहीत, निर्णय पालकांवर सोडलेला असतो. १६+ असेल तर कशामुळे, ते परीक्षणांतून शोधा. अंतराळपटात ते सहसा मृत्यूच्या दृश्यांमुळे किंवा भयामुळे असतं.

आता तुमच्या पाच जणांचं. परीक्षणांतली मुख्य तक्रार पटकथा किंवा विज्ञानाबद्दल असेल आणि दृश्यांचं कौतुक असेल, तर रविवारीच जा, पण थ्रीडी सोडून टूडीचा शो घ्या. तिकीट बदलता किंवा रद्द करता येतं का हे थिएटरनुसार बदलतं, ॲपवर तुमच्या तिकिटाच्या तपशिलात लिहिलेलं असतं. बुकिंगची फी सहसा परत मिळत नाही. पाच तिकिटांवर तेवढं नुकसान सोसावं असं मला वाटतं. पत्नीला स्टार मिळेल, मुलाला यान आणि भांडायला मुद्दे. दृश्यांचा चित्रपट लांबवण्यात अर्थ नाही: आपटला तर दुसऱ्या शुक्रवारी मोठ्या पडद्यावरून उतरतो आणि लहान हॉलमध्ये गैरसोयीच्या वेळी एखादा शो उरतो.

तक्रार गतीबद्दल असेल, म्हणजे पावणेतीन तास आणि "रेंगाळतो", तर आई-वडिलांना घरी राहू द्या. जाहिराती आणि ट्रेलर धरून ते तीन तासांच्या वर बसणं होतं. त्यांना त्या दुपारी बालगंधर्वला नाटक जास्त आवडेल. तुम्ही तिघं जा. मध्यंतरात एकमेकांना एवढंच विचारा: पुढे काय होणार याची उत्सुकता आहे का? तिघांनीही नाही म्हटलं तर उठून येण्यात लाज नाही. हिंदी चित्रपटात मध्यंतराचा झटका ठरवून लिहिलेला असतो, तोही लागला नाही तर उत्तरार्धात फार काही हाती लागत नाही. परदेशी चित्रपटाला ही कसोटी लावू नका. त्यात मध्यंतर आपल्याकडे कुठेतरी पाडलेलं असतं, प्रसंगाच्या ऐन मध्येसुद्धा.

आणि सगळ्यांनी एकमुखाने व्हीएफएक्सलाच नावं ठेवली असतील तर रद्द करा. विज्ञानपटाला मोठ्या पडद्यावर जायचं पहिलं कारणच तिथे गेलं. उरतो तो स्टार, आणि तो घरच्या पडद्यावर तेवढाच छान दिसतो.

कुणीतरी तुम्हाला सांगेल की 'ब्लेड रनर'लाही १९८२ मध्ये समीक्षकांनी नीट ओळखलं नव्हतं आणि तो धंद्यातही पडला होता. खरं आहे. पण त्या वर्षी नावं ठेवलेले बाकीचे बहुतेक चित्रपट आज कुणाला आठवत नाहीत. तीस वर्षांनी एखादा चित्रपट थोर ठरेल का, यावर रविवारच्या दुपारचा निर्णय घेता येत नाही.

मुलाचा हिरमोड झालाच, किंवा चित्रपट बघून त्याचे प्रश्न वाढले, तर पुण्यात त्याची सोय चांगली आहे. राष्ट्रीय विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीच्या सुमारास, विद्यापीठाच्या आवारातली आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था लोकांसाठी खुली असते आणि नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेना आहेत, तिथेही तेव्हा जाता येतं. परग्रहावरचा संदेश पडद्यावर दोन सेकंदांत कसा सापडतो आणि प्रत्यक्षात आकाशातला क्षीण रेडिओ संकेत वेगळा काढायला काय लागतं, हे तिथे काम करणाऱ्यांनाच विचारता येतं.

ओटीटीची वाट बघायची ठरवलीत तर हिंदी चित्रपटाला साधारण आठ आठवडे धरा, दक्षिणेतल्यांना अनेकदा चारच लागतात. त्या दिवशी टीव्हीच्या सेटिंगमध्ये मोशन स्मूदिंग, म्हणजे हालचाल जास्त गुळगुळीत दाखवणारी सोय, बंद करा, कंपनीगणिक नाव वेगळं असतं. ते चालू राहिलं तर महागडं यानसुद्धा मालिकेच्या सेटसारखं दिसतं. 'फिल्ममेकर मोड' असेल तर तो लावा, खोलीतले दिवे घालवा, आणि टीव्हीच्या स्पीकरवर हेल्मेटमधले संवाद हॉलपेक्षाही वाईट ऐकू येतात म्हणून सबटायटल सुरुवातीपासूनच चालू ठेवा.